आग सोमेश्वरी, बिल कोणाच्या घरी?

प्रश्न तसा साधा आहे. तुमच्या स्वयंपाकघरात आग लागली, तुम्ही १०१ फिरवला, बंब आला, आग विझली. आता त्या बंबाचं डिझेल, टँकरभर पाणी, जवानांचे दोन तास याचं बिल तुम्हाला यावं का?

"ज्याचं घर, त्याचं बिल" हे ऐकायला एकदम रास्त वाटतं. आपण रस्त्याला टोल देतो, विजेला मीटर आहे, मग बंबालाच सूट का? मी माझ्या घरात कधी आग लागू दिली नाही, तर शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाचे पैसे मी का भरू? प्रश्न चुकीचा नाही. पण यावर नुसती मतं ठोकण्यापेक्षा इतिहास बघितलेला बरा, कारण हा प्रयोग एका शहराने खरंच करून पाहिलाय. थोडाथोडका नाही, जवळजवळ दोनशे वर्षं. ते शहर म्हणजे लंडन.

सप्टेंबर १६६६. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागलेली आग चार दिवस जळत होती. १३,२०० घरं आणि ८७ चर्च खाक झाली. तेव्हा लंडनकडे अग्निशमन दल नावाचा प्रकारच नव्हता. होत्या त्या चामड्याच्या बादल्या, हाताने मारायच्या पिचकाऱ्या आणि जळती घरं ओढून पाडायला लांब आकडे. बस्स.

या राखेतून एक धंदा उभा राहिला. निकोलस बार्बन नावाचा, शिक्षणाने डॉक्टर आणि धंद्याने बिल्डर असलेला गृहस्थ १६८०च्या सुमारास घरांचा आगीचा विमा विकायला लागला. विटांच्या घराला एक दर, लाकडी घराला त्याच्या दुप्पट. धोका जास्त तर हप्ता जास्त, आजच्या कुठल्याही विमा कंपनीला पटेल असं गणित! मग कंपन्यांच्या लक्षात आलं, की जळालेल्या घराची भरपाई देण्यापेक्षा ते जळू न देणं स्वस्त पडतं. त्यांनी आपापले बंब घेतले आणि थेम्सवरचे नावाडी अर्धवेळ जवान म्हणून नेमले. विमा उतरवलेल्या घराच्या भिंतीवर कंपनीची धातूची पाटी लागायची. 'सन'ची पाटी म्हणजे सूर्य, 'हँड इन हँड'ची पाटी म्हणजे एकमेकांत गुंफलेले हात.

या पाट्यांवरून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. बंब यायचा, जवान आधी पाटी बघायचे, आणि आपल्या कंपनीची नसली तर हात बांधून घर जळताना बघत उभे राहायचे. गोष्ट झकास आहे, पण इतिहासकारांना तिला भक्कम पुरावा सापडत नाही. उलट बंबवाले विमा नसलेली घरंही विझवत होते, असंच दिसतं. विचार केला तर ते साहजिकही आहे. घरं एकमेकांना चिकटलेली. आज विमा नसलेलं घर जळू दिलं, तर तासाभरात शेजारचं विमावालं पेटणार आणि त्याची भरपाई आपल्यालाच द्यावी लागणार. शिवाय १७०८च्या कायद्याने आगीच्या जागी पहिल्या पोचणाऱ्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० असं बक्षीस ठेवलं होतं. ते द्यायचं तिथल्या पॅरिशने, म्हणजे स्थानिक वस्तीच्या वर्गणीतून.

इथे जरा थांबा. पक्क्या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या, आणि त्यांनासुद्धा "पैसे भरलेत का?" हा प्रश्न आगीच्या दारात विचारणं परवडलं नाही! कारण आगीला मालमत्तेच्या हद्दी कळत नाहीत.

पुढे १८३३ मध्ये दहा कंपन्यांनी आपले बंब एकत्र करून एक दल बनवलं आणि एडिंबरोहून जेम्स ब्रेडवुड याला प्रमुख म्हणून आणलं. ८० पगारी जवान, खर्च सगळा विमा कंपन्यांचा. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री, ब्रिटिश संसदेलाच आग लागली. आणि संसदेच्या इमारतीचा विमा नव्हता! तरी ब्रेडवुडचे लोक गेले. बाकी बरंच जळालं, पण वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. म्हणजे सरकारची इमारत खाजगी कंपन्यांनी फुकटात विझवली. फुकटे फक्त गरीबच असतात असं कोण म्हणतं?

हे असं किती दिवस चालणार? जून १८६१ मध्ये टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. ताग, कापूस, चरबी, साखर, सगळं नदीकाठी खच्चून भरलेलं. पहिल्याच दिवशी भिंत अंगावर कोसळून खुद्द ब्रेडवुड गेला. आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले. नुकसान सुमारे २० लाख पौंडांचं. कंपन्यांनी हप्ते वाढवले आणि सरकारला सांगितलं, आता हे तुम्ही सांभाळा.

१८६५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून लंडनला सार्वजनिक अग्निशमन दल मिळालं. त्याच्या खर्चाची वाटणी बघण्यासारखी आहे. सरकारकडून वर्षाला १०,००० पौंड. विमा कंपन्यांकडून दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे ३५ पौंड. बाकीचे घरपट्टीतून, पौंडामागे अर्धा पेनी. म्हणजे ज्यांचा ज्यांचा फायदा, त्या सगळ्यांनी आधीच भरायचं. फोन, म्हणजे तेव्हाची हाक, फुकट.

पण याच कायद्यात एक खाच आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. घराच्या धुराड्याने पेट घेतला, तर राहणाऱ्याला २० शिलिंगपर्यंत दंड. का? धुराड्यातली काजळी वेळच्या वेळी साफ करून घेणं पूर्णपणे त्याच्या हातात होतं. दुसऱ्या कोणाच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल, तर त्याच्याकडून वसूल करायची मुभाही होती. तुम्ही म्हणाल, दंडाच्या भीतीने लोक बंब बोलावणारच नाहीत. पण दंड धुराडं पेटल्याबद्दल होता, बंब बोलावल्याबद्दल नव्हता. लपवून काही वाचत नव्हतं, धुराड्याच्या ज्वाळा तर अख्ख्या गल्लीला दिसतात.

लंडनबाहेर मात्र चित्र वेगळं होतं. १८४७च्या कायद्यानुसार गावाच्या हद्दीबाहेर बंब पाठवला, तर खर्च मालमत्तेच्या मालकाकडून वसूल करता यायचा. हद्दीवर राहणाऱ्याने आधी आगीकडे बघायचं की पाकिटाकडे? शेवटी १९३८च्या कायद्याने आग विझवणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरलं आणि त्याचं बिल लावणं बंद झालं.

"बरं, ही जुनी गोष्ट झाली." मग अलीकडची घ्या. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या साउथ फुल्टन शहराचं अग्निशमन दल शहराबाहेरच्या घरांना वर्षाला ७५ डॉलर वर्गणी घेऊन सेवा द्यायचं. सप्टेंबर २०१० मध्ये वर्गणी न भरलेल्या एका कुटुंबाचं घर पेटलं. घरमालक फोनवर सांगत होता, लागतील तेवढे पैसे देतो. बंब आला, पण तो वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याची जमीन वाचवायला. जवानांच्या डोळ्यांदेखत घर जळालं, आत तीन कुत्री आणि एक मांजर मेलं. लंडनच्या पाट्यांची दंतकथा इथे अक्षरशः खरी झाली! पुढे २०१२ मध्ये शहराने धोरण बदललं: वर्गणी नसली तरी जायचं, आणि मग साडेतीन हजार डॉलर आकारायचे. अर्थात, आकडा ऐकल्यावर फोन करायला किती जण कचरतील हा प्रश्न उरतोच.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळावं. सपोर्टला प्रत्येक तक्रारीमागे पैसे लावले की तक्रारी कमी होतात, बिघाड कमी होत नाहीत. लोक आधी स्वतः खुडबुड करतात आणि पार बोंबललं की मग फोन करतात. सर्व्हरच्या बाबतीत हे एक वेळ निभावतं. आगीत पहिली पाच मिनिटंच महत्त्वाची असतात.

दुसरं म्हणजे हिशोबच चुकतो. अग्निशमन दलाचा मोठा खर्च आग विझवण्याचा नसतोच, तयार बसण्याचा असतो. चोवीस तास माणसं, केंद्रं, गाड्या, सराव. १ एप्रिल १८८७ ला मुंबईचं दल महापालिकेकडे आलं आणि १८९० मध्ये त्याचा प्रमुखही लंडनच्या दलातूनच आणला गेला. याच दलाचे ६६ जवान १४ एप्रिल १९४४ ला गोदीतल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटात गेले. ती तयारी अख्ख्या शहरासाठी होती. ती कॉलमागे वाटून बिल कोणाच्या नावावर फाडणार?

म्हणून माझं मत असं. पैसे जरूर घ्या, पण आधी घ्या: करातून, विम्यातून, इमारत बांधतानाच्या शुल्कातून. नंतरही घ्या: पेटलेल्या धुराड्यासारखा उघड हलगर्जीपणा असेल तर दंड करा. लंडनने २००९ मध्ये लिफ्टसाठी पुन्हा पुन्हा बंब बोलावणाऱ्या इमारतींना आकारणी सुरू केली, तेही योग्यच. फक्त फोन उचलायच्या त्या क्षणी माणसाच्या डोक्यात रुपयांचा आकडा नको. तिथे बिल लावणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आपलं धुराडं म्हणजे काय, हे शोधायला फार लांब जायची गरज नाही. महाराष्ट्राच्या २००६च्या कायद्यानुसार इमारतीतली आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या खर्चावरून कुरकुर होते आणि जिन्यातल्या होज रीलसमोर चपलांचं कपाट असतं. दंड लावायचाच असेल, तर त्या कपाटाला लावा.