नेवाशाचा रेशीमधागा

डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली नेवासे येथे १९५४-५६ मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत धागा आढळला. तो कापूस व रेशीम यांचा असल्याचे ए. एन. गुलाटी यांनी सूक्ष्मदर्शकाने ठरविले. तथापि रेशीम आढळले म्हणून चीनशी संबंध सिद्ध होत नाही. हडप्पा व चन्हुदडो येथील धागे रानरेशमाचे असल्याचे २००९ मध्ये दाखविण्यात आले. मग नेवाशाचे रेशीम कोणत्या किड्याचे? लोकरीतील डीएनएवरून मेंढी व बकरी वेगळी ओळखता येते. रेशीम हे ग्रंथींतून स्रवणारे प्रथिन असल्याने त्यात डीएनए अत्यल्प असतो. तेथे प्रथिनपरीक्षाच अधिक उपयुक्त. परंतु परीक्षेत नमुना खर्ची पडतो. तोवर निष्कर्ष पुराव्यापुढे जाऊ नये, हेच इतिहासकाराचे कर्तव्य होय.