रुपयामागे एक आणा

सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाच्या हाती उसाचे बिल पडते तेव्हा त्यातून काही रकमा आधीच वळत्या झालेल्या असतात. कुठे परतीची ठेव, कुठे बिनपरतीची, कुठे भाग विकास निधी, एखाद्या वर्षी मुख्यमंत्री सहाय्यता निधी. टनामागे इतके रुपये, असा त्यांचा हिशेब. सभासद कुरकुरतो, पण या पैशातून शिवारातला रस्ता होतो, शाळेच्या खोल्या उभ्या राहतात, हे त्याला ठाऊक असते. कायद्याच्या भाषेत हा कर नव्हे. व्यवहारात मात्र तो करच आहे: ठरावीक माणसांकडून, ठरावीक दराने, ठरावीक सार्वजनिक कामासाठी घेतलेला. अंबड तालुक्यातले अंकुशनगर अशाच व्यवस्थेच्या पोटी जन्मलेले ठिकाण आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ते वसले आणि नाव घेतले ते कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांचे. अशा ठिकाणाहून पाहिले की एक प्रश्न नीट दिसतो. रस्ता, शाळा, पाणी यांच्यासाठी वेगळा पैसा काढायचा तर देणाऱ्याला कोणी, कधी आणि कुठे विचारले? कर घेण्याची आणि कौल घेण्याची अशा दोन्ही रीती महाराष्ट्राजवळ आहेत, पण त्या एकत्र नांदल्या नाहीत, असे माझे म्हणणे आहे. नांदल्या त्या फक्त कारखान्याच्या वार्षिक सभेत, आणि तिथेही अर्ध्यामुर्ध्या.

या रीतीचे मूळ इंग्रजांच्याही मागे जाते. पेशवाईत सरकारच्या वसुलाखेरीज गावखर्चासाठी वेगळी पट्टी बसे. देवळाची दिवाबत्ती, गावकुसाची डागडुजी, आल्यागेल्या गोसाव्याचा शिधा, कचेरीत खेटे घालण्याचा खर्च असे सगळे तिच्यात येई. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या गावखर्चाची दखल आहे. पाटील-कुलकर्णी त्यात हात मारून घेत, हेही खरे. पण गावच्या पैशाने गावचे काम ही कल्पना तिथे स्पष्ट आहे आणि खर्च करणारा देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वावरतो आहे. घरपट्टी, पाणीपट्टी या आजच्या शब्दांतली पट्टी तिथूनच चालत आली.

इंग्रजांनी हा पैसा गावातून उचलून जिल्ह्याच्या तिजोरीत नेला. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा घेतला जाऊ लागला आणि १८६९ च्या कायद्याने त्याला पक्का आधार मिळाला. हाच तो लोकल फंड. साऱ्याच्या सोळाव्या हिश्शाइतका हा उपकर. त्यातले दोन तृतीयांश रस्त्यांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी, अशी वाटणी ठरलेली. शेजारच्या निजामी मुलखातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तशीच एक आण्याची रीत आली. आजचा जालना जिल्हा तेव्हा त्या राज्यात होता. मुक्तिसंग्रामानंतरही त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यातच राहिला आणि वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे राज्यकर्ता इंग्रज असो की निजाम, गोदाकाठच्या शेतकऱ्याला रस्त्याचा आणा चुकला नाही. विशिष्ट कामासाठी विशिष्ट पैसा, हे तत्त्व नव्या व्यवस्थेने उचलले. ज्याच्याकडून घ्यायचा त्याला विचारण्याची वाट मात्र तिने ठेवली नाही.

त्याचा परिणाम काय झाला, हे सर्वांत नेमके सांगितले जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी तक्रार केली की सरकार शिक्षणासाठी म्हणून खास उपकर घेते, पण ज्यासाठी घेते त्यावर तो खर्च करत नाही. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत शाळेची काहीच सोय नाही. आणा बसवल्याला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. फुल्यांचा रोख कर घेण्यावर नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. शाळेसाठी पैसा लागतो आणि तो रयतेकडूनच येणार, हे त्यांना मान्य होते. नाव एकाचे आणि खर्च दुसऱ्यावर, याविरुद्ध ते बोलत होते. त्याच वर्षी मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे निघाली. काही सभासद निवडून येऊ लागले. मतदार मूठभर, आणि आण्याचा दर वरूनच ठरलेला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटायला हवे होते, आणि कागदावर थोडे पालटलेही. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याने जमीन महसुलावर रुपयामागे २० पैसे उपकर ठेवला. जुन्या आण्याचा हा थेट वारस. पंचायत समितीने ठराव करून मागणी केली तर आपल्या भागापुरता तो वाढवून घेण्याची सोयही कायद्यात आहे. करवाढ खालून मागून घ्यायची, ही या व्यवस्थेतली सर्वांत धीट कल्पना म्हणावी लागेल. पण ठराव करणार निवडून आलेले सदस्य, तेही तालुक्याच्या ठिकाणी. ग्रामसभेपुढे प्रश्न येतच नाही. शिवाय शेतसारा इतक्या जुन्या आकारणीवर अडकलेला की त्याचा पाचवा हिस्सा तो काय असणार! दरम्यान राज्याने आपले वेगळे आणे बसवले. १९६२ चा शिक्षण उपकर, १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी नोकरदार-व्यावसायिकांवरचा व्यवसाय कर. दुष्काळात मराठवाड्यातले कित्येक रस्ते आणि पाझर तलाव रोजगार हमीच्या कामांतून झाले आणि मुंबईच्या पगारदाराचा पैसा त्याच योजनेकडे वळवला गेला. हा कर चांगल्या कामासाठी होता, याबद्दल वाद नाही. पण कौलाशिवाय बसलेल्या कराला शेवटची तारीख नसते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांसाठी एसटीच्या तिकिटावर अधिभार बसला. निर्वासित परत गेले, नवा देश उभा राहिला, आणि तिकिटावरचे पैसे पोषण आहाराच्या नावाने पुढे कित्येक दशके कापले जात राहिले. अलीकडचे उदाहरण शहरांचे. मेट्रोसाठी मुंबई, पुणे, नागपुरात मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार लागला, कोविडच्या काळात तो थांबला, १ एप्रिल २०२२ पासून परत आला. घर घेणाऱ्याला तो दस्त नोंदवतानाच भेटतो.

आता कारखान्याकडे परत यावे. प्रवरानगरला १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हा भांडवल उभे करण्यासाठी ठेवी कापण्याची गरज होती. पुढे तीच सवय रस्ते, शाळा, दवाखाने यांच्याकडे वळली. हे चालले कारण कपातीचा आणि फायद्याचा रस्ता एकच होता. पाणंद चिखलात गेली की उसाची गाडी अडकते, वजन घटते, तोड लांबते. म्हणून टनामागे काही रुपये रस्त्याला देणे सभासदाला परवडते. दर वर्षी सर्वसाधारण सभेत ते मांडावे लागते, अहवालात छापावे लागते, आणि पुढच्या निवडणुकीत विरोधी पॅनेल त्याच आकड्यांवरून संचालकांना धारेवर धरते. दीडशे वर्षांत लोकल फंडाचा हिशेब कोणा शेतकऱ्याने इतक्या चवीने वाचला असेल, असे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप कोणीही घेईल, आणि तो रास्त आहे: सभेत अध्यक्ष विषय वाचतात, मांडवातून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होतो आणि दोन मिनिटांत बारा विषय निकालात निघतात, याला कौल म्हणायचे का? फार तर अर्धा. त्याहून मोठी उणीव मताच्या हक्कात आहे. मत सभासदाला. बिगर सभासद ऊस घालतो पण सभेत बसत नाही. ऊसतोड मजूर बीड-जालन्यातून निघून पाच-सहा महिने फडात राहतो, त्याच रस्त्याने ओझे वाहतो, आणि त्याच्या मुलांच्या शाळेचा विषय सभेपुढे आलाच तर तो मांडायला तिथे त्याच्या बाजूचे कोणी नसते. देणाऱ्याला विचारणे ही निम्मी लोकशाही झाली. राहणाऱ्याला विचारणे उरलेली निम्मी. कारखान्याने पहिली केली, म्हणून तिचे महत्त्व. दुसरी कारखान्याकडून होणारही नाही, कारण ती त्याची रचनाच नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: आपल्यावर कर लावून घ्या असे कोण मत देईल? याला जगाचे उत्तर आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने खास कामासाठीच्या स्थानिक कराला दोन तृतीयांश मतांची अट घातली. तरीही लॉस एंजेलिस परगण्याने २००८ साली बस-रेल्वे-रस्त्यांसाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर तीस वर्षांसाठी मतपेटीतून मंजूर केला. तिथली कामांची यादी मत देण्याआधीच छापलेली होती. २०१२ साली त्याला मुदतवाढ मागितली तेव्हा ६६ टक्क्यांहून थोडी जास्त मते पडली आणि दोन तृतीयांशाला थोडक्यात मुकल्याने प्रस्ताव पडला. २०१६ साली पुन्हा अर्धा टक्का मागितला, तो ७१ टक्क्यांनी निघाला. अट कडक ठेवली की एक तृतीयांश लोकांच्या हाती नकाराचा हक्क जातो, हा यातला दोष मान्य केला पाहिजे. आपल्याकडे साधे बहुमत पुरे. विक्रीकराचा बोजा गरिबाच्या बाजारहाटावरही पडतो, हाही आक्षेप खरा आहे, पण तो कोणता कर निवडावा याबद्दलचा. विचारावे की नाही, याबद्दलचा नाही. आणि इतक्या दूर जायचे नसेल तर गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी पाहावी. काम दिसले, हिशेब फळ्यावर लागला, की माणूस देतो. उलट पाणीपुरवठा योजनांत दहा टक्के लोकवर्गणीची अट शासनाने घातली, तेव्हा ती अनेक ठिकाणी ठेकेदारानेच भरली, कारण गावाला काही ठरवायचेच नव्हते, फक्त अट पुरी करायची होती.

तिसरा आक्षेप कायद्याचा. संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही, मग गावच्या मतदानाने कर कसा बसेल? बसणार नाहीच, पण अनुच्छेद २४३-एच प्रमाणे विधिमंडळ पंचायतीला कर बसवण्याचा अधिकार देऊ शकते, आणि मतदानाची अट त्या कायद्यात घालण्यास आडकाठी दिसत नाही. मतदान घेण्याची यंत्रणाही सरकारला नवी नाही. दारूच्या दुकानासाठी महाराष्ट्राने ती केव्हाच उभी केली. महिलांनी मागणी करायची, प्रशासनाने सह्या तपासायच्या, गुप्त मतदान घ्यायचे, आणि आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, ठरलेल्या प्रमाणात मते पडली की दुकान बंद. शेजारी गोव्यात तर १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन होण्यासारखा प्रश्न फूल आणि दोन पाने या चिन्हांवर जनमत कौलाने सुटला. ज्या महाराष्ट्रात अक्षरओळख नसलेली बाई बाटलीच्या चित्रावर शिक्का मारून दुकान बंद पाडू शकते, तिथे तिला रस्त्याच्या पट्टीवर मत देता येणार नाही, हे म्हणणे टिकत नाही. सरपंच निवडून दिला म्हणजे सगळे विचारून झाले, हेही तसेच. सरपंच भावकीवर, जातीवर, पॅनेलवर निवडून येतो. पाणंदीच्या पैशाचा प्रश्न त्या मतात वेगळा निघत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिचे उत्तर मतपेटीत नाही. कर बसवायचा कशावर? जमीन महसुलाचा पाया वाळून गेला आहे. ऊस हा या पट्ट्यातला खरा पैसा. त्याच्या खरेदीवर १९६२ च्या कायद्याने राज्य कर घेत असे, पण तो १ जुलै २०१७ ला जीएसटीत विलीन झाला आणि स्थानिक संस्थेला तिथे हात घालायला जागा राहिली नाही. टनाचा हिशेब आज फक्त कारखाना करू शकतो, आणि त्याची सभा सभासदांची. ग्रामपंचायतीच्या हाती उरते घरपट्टी, जिच्या दराची खालची आणि वरची मर्यादा शासन ठरवते आणि जिची थकबाकी निवडणुकीच्या तोंडावर कोणी मागत नाही. त्या दोन मर्यादांमधला दर ग्रामसभेने, कामाचे नाव आणि मुदत लिहून, गुप्त मतदानाने ठरवायचा असे कलम घातले तर सुरुवात होऊ शकते. रक्कम लहान असेल, अंकुशनगरसारख्या ठिकाणी एका पाणंदीच्या मुरमापुरती. कारखान्याच्या भाग विकास निधीचा आकडा त्याच फळ्यावर शेजारी लिहिला, तर दोन्ही हिशेब एकाच माणसाला वाचता येतील, मग तो सभासद असो की तोडणीवाला.