विश्रामबागेतला विश्राम

पेशवाई बुडाली म्हटले की सर्वांना पुणे आठवते. पण तिच्या अखेरच्या पानांपैकी एक आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उलटले आहे. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने दुसऱ्या बाजीरावास गाठले. श्रीमंत कसेबसे निसटले. जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाले आणि पुढे ब्रह्मावर्तास गेले. पुण्यातला त्यांचा आवडता वाडा मात्र जागीच राहिला. त्या वाड्याचे नाव विश्रामबाग!

हा वाडा १८०७ साली बांधून झाला. दोन लाख रुपये खर्च आला म्हणतात. तीन चौक, सागवानी सुरूचे खांब आणि रस्त्यावर पुढे आलेला कोरीव सज्जा. पाहणाऱ्याची मान आपोआप वर जावी! इंग्लंडात तेव्हा तिसऱ्या जॉर्जचे राज्य होते. लंडनमध्ये १७७४ च्या कायद्याने, आगीच्या धास्तीपायी, घरांच्या दर्शनी लाकूडकामावर बंधने आली होती. म्हणून तिकडची त्या काळची घरे विटांची, साधी दिसतात. आमच्या सुतारांना असली आडकाठी नव्हती. त्यांनी आपली सारी कला रस्त्याच्या बाजूला मांडली.

धनी गेल्यावर वाड्यांचे काय होते, हे आपण गावोगाव पाहतोच. माळवद खचते, तुळया विकल्या जातात, चौकात रुई माजते. विश्रामबागेचे तसे झाले नाही. १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा निघाली. पेशवे विद्वानांना दक्षिणा वाटीत; त्याच दक्षिणेच्या पैशातून तिचा खर्च चाले. तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली.

लंडनकरांची धास्ती पुण्यातही खरी ठरली. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा जळून गेला. त्याच वेळी विश्रामबागेचाही काही भाग आगीत सापडला. बुधवारवाडा नाहीसा झाला. विश्रामबागेचा जळका भाग मात्र पुन्हा उभारला गेला. पुढे तेथून पुण्याच्या नगरपालिकेचा कारभार चालला, आणि आज तो वारसा म्हणून जपला जातो.

मी शाळामास्तर, तेव्हा माझे मत पक्षपाती वाटेल. पण मला वाटते, वाडा सागाच्या खांबांवर जितका उभा राहतो, तितकाच रोजच्या वर्दळीवर. ज्याने विश्रामासाठी तो बांधला, त्याला तो अकरा वर्षेच लाभला. वाडा टिकला तो त्यात विश्राम न घेणाऱ्यांमुळे. आपल्या गावातला एखादा जुना वाडा ओस पडला असेल, तर त्यात निदान मुलांचे वाचनालय तरी चालू करावे. कुलूप लावून काही घरे जपली जात नाहीत!