लायन्स रेंजमधले बांधीव भांडवल

रायटर्स बिल्डिंगच्या पाठीमागून जाणाऱ्या लायन्स रेंज या रस्त्यावर कलकत्त्याच्या शेअर बाजाराची जी इमारत १९२८ पासून उभी आहे, तिच्यात वर्षानुवर्षे व्यवहार करणाऱ्या दलालांनी आणि भागधारकांनी एक गोष्ट गृहीतच धरलेली असे: भाग विकला तरी कंपनीच्या खजिन्यातून एक पैही बाहेर जात नाही, मालकीचा दस्तऐवज काय तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि मुद्दल जिथल्या तिथे काम करीत राहते. उत्पन्न व वाढ या दोहोंच्या अपेक्षेने आज जे बंद मुदतीचे निधी उभारले जातात, त्यांचा सारा पाया या एका तत्त्वावर आहे. आणि हिंदुस्थानात हे तत्त्व इतक्या जबर किमतीला दुसरे कोणतेही शहर शिकले नसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत या शहराचा व्यापार पामर, अलेक्झांडर, मॅकिंटॉश, फर्ग्युसन, कॉल्व्हिन, क्रटेंडन अशा युरोपियन पेढ्यांच्या मुठीत होता. कंपनी सरकारचे मुलकी व लष्करी अधिकारी आपल्या पगारातील शिल्लक या पेढ्यांत ठेवीत, आणि त्या ठेवींतून निळीचे कारखाने, जहाजे व विम्याचा धंदा चाले. दोष या रचनेतच होता. निळीच्या कारखान्यात आणि रयतेला दिलेल्या तगाईत गुंतलेला पैसा हंगामाआधी मोकळा होत नसे. ठेवीदार मात्र मागेल तेव्हा रक्कम परत मिळण्याचा हक्क राखून असे, आणि भागीदार तर विलायतेस परतताना आपल्या वाट्याचे भांडवल बिनदिक्कत उचलून नेई. निळीचे भाव कोसळल्यावर जानेवारी १८३० मध्ये पामर आणि कंपनीचे दिवाळे वाजले, आणि १८३४ संपण्यापूर्वी वर नावे घेतलेल्या साऱ्या पेढ्या तिच्या मागोमाग गेल्या. ज्यांनी या पेढ्यांच्या भरवशावर आयुष्यभराची पुंजी ठेवली होती, त्यांच्या हाती आले ते केवळ दिवाळखोरीच्या वाटणीतील तुटपुंजे हप्ते. इतिहासकार या अनर्थाचे खापर निळीच्या मंदीवर फोडतात, आणि ते खोटे नव्हे. परंतु जे भांडवल कोणीही केव्हाही काढून नेऊ शकतो, त्याच्यावर दीर्घ मुदतीचा धंदा उभारणे हेच मला या विनाशाचे मूळ वाटते.

त्यानंतर भांडवल बांधून ठेवणाऱ्या संयुक्त भांडवलाच्या मंडळ्यांकडे लोकांचा ओढा वाढला. भागांच्या व्यवहाराची पहिली नोंद १८३६ मधली मानतात. दलाल त्या काळी एका कडुलिंबाच्या झाडाखाली जमत. १८३९ मध्ये आसाम कंपनी निघाली, १८५५ मध्ये रिसड्याला तागाची पहिली गिरणी सुरू झाली, कोळशाच्या मंडळ्याही निघाल्या. आणि १९०८ मध्ये दीडशे सभासदांनी मिळून बाजाराची रीतसर संस्था स्थापन केली. भांडवल बांधले गेले खरे, पण त्याची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न उरलाच. अँड्र्यू यूल, बर्ड यांसारख्या व्यवस्थापक पेढ्या थोडेसे भाग हाती ठेवून डझनावारी कंपन्यांचा कारभार हाकीत आणि आपली दलाली आधी वसूल करीत. नफ्याचा मोठा ओघ समुद्रापार जाई. याच शहरात बंगालीतून पत्रकारिता करणारे सखाराम गणेश देउसकर हे महाराष्ट्रीय कुळातले गृहस्थ देशाच्या या आर्थिक शोषणाची कहाणी ‘देशेर कथा’ या १९०४ च्या ग्रंथात सांगत होते, आणि सरकारने १९१० मध्ये तो जप्त केला, याचा मराठी माणसास अभिमान वाटावा.

बंद मुदतीच्या निधीची, म्हणजे अनेक रोखे (आरंभी परदेशी सरकारांचे) एकत्र विकत घेऊन त्या साऱ्या संचाचेच भाग सामान्य माणसाला विकण्याची, कल्पना लंडनमध्ये १८६८ साली ‘फॉरिन अँड कलोनियल’ या न्यासाने रूढ केली. मुंबईत १९३३ मध्ये इंडस्ट्रियल इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट निघाला. अशा निधीच्या एका भागामागे शंभर रुपयांची मालमत्ता असून सालीना सहा रुपये लाभांश मिळत असेल, आणि बाजारात तो भाग ऐंशीला मिळत असेल, तर घेणाऱ्यास साडेसात टक्के पडतात. पुढे भाव शंभराला भिडला तर वीस रुपयांची वाढ निराळी. परंतु हाच वीस रुपयांचा फरक, ज्याने शंभरास घेऊन अडचणीपायी ऐंशीला विकला, त्याच्या पदरचा गेलेला असतो. ठेवीदारांच्या धावपळीपासून निधीचे जे रक्षण होते, त्याची किंमत अशी एकेकट्या भागधारकाकडून वसूल होते. याउलट, मागताक्षणी पैसे परत देण्याची हमी घेतलेल्या युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाच्या १९६४ च्या योजनेला जुलै २००१ मध्ये आपली खिडकीच सहा महिने बंद करावी लागली.

त्याच ट्रस्टने १९८६ मध्ये काढलेल्या मास्टरशेअरने समभागांच्या बंद निधीची गोडी घरोघर लावली, आणि जानेवारी १९९४ मध्ये मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंडाच्या दहा रुपयांच्या युनिटांसाठी शहरोशहरी रांगा लागल्या. मुदत पंधरा वर्षांची होती. त्या गर्दीत कलकत्त्याच्या एका नागरिकाने, युनिटांच्या वाटपाची पद्धत अन्यायाची आहे, अशी फिर्याद तेथील जिल्हा ग्राहक मंचाकडे नेली, आणि मंचाने दुसऱ्या पक्षाचे म्हणणे न ऐकताच मनाई हुकूम दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० मे १९९४ च्या निकालाने ठरले की, वाटप होण्यापूर्वी भाग हा ‘माल’ नव्हे, म्हणून त्यासाठी केवळ अर्ज करणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल निर्विवाद असेल. पण फिर्यादीमागची तळमळ मला खरी वाटते, कारण पंधरा वर्षांसाठी पैसा बांधून देणाऱ्यास शंका विचारण्याची जागा आधीच मिळायला हवी होती. पुढे या युनिटांचा बाजारभाव त्यांच्यामागील मालमत्तेहून बराच खाली गेला, काही काळ तर मूळ दहा रुपयांच्याही खाली उतरला. मुलीचे लग्न, घरातले आजारपण यांसाठी ज्यांना तेव्हा विकावे लागले, त्यांनी तोटा सोसला. ज्यांनी त्यांच्याकडून स्वस्तात घेऊन २००९ मध्ये मुदत सरेपर्यंत धीर धरला, त्यांना निधीतील मालमत्तेचे पुरते मोल मिळाले.