जुन्या घड्याळाची पारख

आपली कुटुंबे भारत सोडून इस्राएलला आली तेव्हा तांब्यापितळेची भांडी, मलिद्याचे ताट आणि किद्दुशचा पेला यांच्याबरोबर अनेक घरांतून एखादे चावीचे मनगटी घड्याळही आले. वडील किंवा आजोबा गेल्यावर ते कपाटात पडून राहिले. आता नातवंडे ते बाहेर काढतात आणि याफोच्या जुन्या बाजारात दाखवायला नेतात. व्यापारी भिंग लावतो, "तबकडी बदललेली आहे" म्हणतो आणि किरकोळ किंमत सांगतो. त्याचे म्हणणे कितपत खरे, हे घरच्या माणसाला तपासता यावे म्हणून हे थोडे लिहीत आहोत.

ह्या घड्याळांचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. वेस्ट एंड वॉच कंपनी 1886 साली मुंबईत सुरू झाली. घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये बनत, पण तबकडीवर कंपनीच्या नावाखाली मुंबई व कलकत्ता अशी दोन्ही नावे असत. तिचे 'सवार' हे घड्याळ पलटणीतल्या माणसांत फार चालले. कित्येक वेस्ट एंड घड्याळांच्या आत लॉन्जीन्सचे यंत्र असते. तेव्हा आतले नाव वेगळे दिसले म्हणून घाबरू नये. पुढे फेवर-ल्युबाची 'सी किंग' व 'सी चीफ' आली. 1957 च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर परदेशी मालावर कडक बंधने आली आणि 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला एच. एम. टी. चा घड्याळ कारखाना निघाला. त्याचे 'जनता' आपल्यापैकी पुष्कळांच्या हातावर होते. एच. एम. टी. ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 साली घेतला.

पारख करताना पहिली नजर तबकडीवर टाकावी. मुंबईत जुन्या तबकड्या घासून पुन्हा रंगवण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि अशा घड्याळांना परदेशातले शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भिंगाखाली अक्षरे पाहावीत. कारखान्याची छपाई धारदार व सारख्या जाडीची असते. हाताने फिरवलेल्या अक्षरांची टोके फुगतात. मिनिटांच्या खुणा आकड्यांच्या नेमक्या समोर आहेत का, सेकंदाच्या लहान वर्तुळाचा मध्य काट्याच्या मध्याशी जुळतो का, काट्याच्या भोकाशी रंग साचला आहे का, हे तपासावे. सहाच्या आकड्याखाली बारीक 'स्विस मेड' असायचे ते नाहीसे झाले असेल, तर तबकडी बहुधा रंगवलेली आहे. भडक केशरी किंवा हिरव्या तबकडीवर सैन्याचे बोधचिन्ह छापलेले 'जनता' कोणी दाखवले, तर ते कारखान्यातून तसे निघालेले नाही असे खुशाल समजावे.

डाग पडलेली, पिवळसर तबकडी मात्र दोष मानू नये. तो वयाचा रंग होय.

काटे आखूड आहेत का पाहावे. मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोचला पाहिजे. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची एक गंमत आहे. 1960 च्या सुमारापर्यंत त्यांना रेडियम लावीत. रेडियम अर्धे व्हायला सुमारे 1600 वर्षे लागतात, पण त्याच्या माऱ्याने चमकणारा पदार्थ काही दशकांतच जळून जातो. म्हणून 1950 चे घड्याळ आजही रात्रभर झगझगीत दिसत असेल, तर तो लेप अलीकडचा. जुना लेप मात्र कधीही नखाने खरवडू नये. त्याची धूळ पोटात किंवा छातीत गेलेली वाईट.

केस पाहताना पट्टा अडकवायच्या कानांकडे लक्ष द्यावे. स्वस्त घड्याळांची केस पितळेची आणि वर क्रोमचा मुलामा असे. घामाने तो उडून पितळ दिसते. कान गुळगुळीत, गोल झाले असतील आणि मागची अक्षरे पुसट असतील, तर पॉलिश झाले आहे. चांदीच्या जुन्या स्विस केसवर आत उभ्या अस्वलाचा छाप सापडला तर ती 875 भाग चांदी.

झाकण मात्र घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे. आत घड्याळजींनी सुईने कोरलेली बारीक अक्षरे व तारखा असतात. दर दुरुस्तीच्या वेळची ती नोंद. यंत्र प्लास्टिकच्या कड्यात बसवलेले दिसले, तर ते त्या केसचे मूळ यंत्र नसण्याचीच शक्यता अधिक. 'जनता'त 0231 हा आकडा शोधावा.

इथे आमचे मत व्यापाऱ्याहून वेगळे आहे. कारखान्याची अस्सलता हा एक प्रश्न आणि घड्याळ आजोबांचेच आहे का, हा दुसरा. आयात बंद असल्यामुळे भायखळ्याचा किंवा अलिबागचा घड्याळजी दुसऱ्या घड्याळाची चावी, दुसऱ्याचा काटा लावून काम भागवी. त्यात फसवणूक नव्हती. अशा घड्याळाची किंमत बाजारात घटते हे खरे आणि व्यापारी त्यापुरता बरोबरच असतो. पण विकण्यासाठी दोन मोडक्या घड्याळांचे एक करून नवी तबकडी ठोकणे आणि आजोबांनी कामावर वेळेत पोचावे म्हणून काटा बदलणे, ही दोन कामे एका पारड्यात घालू नयेत. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळामागची कोरीव अक्षरे पॉलिशने घालवून 'नवीन' करून घेणारी मंडळीही आहेत. त्यांना काय म्हणावे!

घड्याळ चालू करायचे असेल, तर घड्याळजीला सांगावे: साफ करून तेल घाला, तबकडीला हात लावू नका, पॉलिश नको. काच किंवा चावी बदलावीच लागली, तर जुनी मागून घ्यावी आणि कागदाच्या पुडीत घालून घड्याळाबरोबर ठेवावी. त्याच पुडीत एक चिठ्ठी असावी: घड्याळ कोणाचे, कोणत्या साली, कोठे घेतले, काय दुरुस्ती झाली. चिठ्ठी मराठीत लिहावी आणि खाली हिब्रूतही, कारण पुढे ती पुडी जो उघडेल त्याला मराठी वाचता येईलच असे नाही.