काका बॅप्टिस्टा : उत्तनच्या घराण्याचा लोकसेवक

उत्तनच्या वडीलधाऱ्या मंडळींना आपापल्या घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ असतात. परंतु याच गावात मूळ असलेल्या एका थोर लोकसेवकाचे नाव आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या माथारपाखाडीत झाला. त्यांच्या वडिलांचे गाव उत्तन. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात व पुढे केंब्रिज येथे शिकून ते बॅरिस्टर झाले.

त्यांच्या कार्याचे मोल जाणण्यासाठी तत्कालीन समाजस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई-साष्टीच्या कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. आपण गोमंतकातून आलेल्यांहून निराळे, इंग्रज सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे नोकऱ्यांसाठी ठसवणे हा त्यामागील एक हेतू होता. सरकारचा रोष ओढवून घेणे अशा समाजाला परवडणारे नव्हते. त्याच समाजातील हा बॅरिस्टर लोकमान्य टिळकांच्या पाठीशी उभा राहिला. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा टिळकांनी स्वतः पद स्वीकारले नाही. अध्यक्ष झाले बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर.

स्वराज्याचा ध्यास घेतलेल्या या पुरुषाने नगरसेवा कमी लेखली नाही. १९०१ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले आणि १९२५ साली तिचे अध्यक्ष झाले. याच पदाला १९३१ पासून ‘महापौर’ म्हणू लागले. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९२१ च्या झरिया अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. लोक त्यांना आपुलकीने ‘काका’ म्हणत. १९३० साली त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला आज त्यांचे नाव आहे.

बॅप्टिस्टांचे उत्तन आता महानगराचा भाग आहे. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर येऊ लागला तेव्हा गावकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. नगराच्या कारभाराकडे आपण पाठ फिरवली, तरी तो कारभार आपल्या दारी येतोच. आपल्या घरांतून शिक्षक, परिचारिका, धर्मगुरू, धर्मभगिनी घडल्या, याचा मला अभिमान वाटतो. पण प्रभागाचे काम म्हटले की ‘राजकारण आपले नव्हे’ असे म्हणून आपण बाजूला होतो. काकांच्या काळी असे म्हणायला आपल्यापेक्षा अधिक सबळ कारणे होती.

येत्या १७ मार्चला आपल्या धर्मग्रामांत काकांसाठी मिस्सा अर्पण व्हावी. त्याच दिवशी पाणी, रस्ते, कचरा यांच्या कामासाठी वेळ देऊ इच्छिणाऱ्या चार-दोन तरुणांनी आपली नावे नोंदवली, तर तो काकांचा खरा गौरव ठरेल.