डालड्याच्या डब्यातला गुलाब

मुंबईतल्या बागांचा इतिहास शिवडीपासून सांगता येतो. पश्चिम भारताच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग एकेकाळी तिथे होती. १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग लोकांसाठी खुली झाली आणि पुढे शिवडीच्या त्या जागेवर ख्रिस्ती दफनभूमी आली. याच शिवडीत १९३२ साली वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला, आणि १९३७ पासून ते तूप ‘डालडा’ या नावाने घरोघर जाऊ लागले. तूप संपले की डबा उरे. खिळ्याने तळाला चार भोके पाडली की त्याची कुंडी होई. लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावच्या वाड्यांत गॅलरीच्या कठड्याला लागून अशा डब्यांच्या रांगा असत. पहिल्या दोन बागांची नोंद ग्रंथांत आहे. ही तिसरी बाग एकरांत मोजता येत नाही, म्हणून ती कोणी बाग म्हणून धरत नाही. मी धरते, कारण मी तिच्यात वाढले.

लालबागला आमच्या दोन खोल्यांपुढच्या गॅलरीत आईचे तीन डबे होते. एकात तुळस, एकात ओवा आणि तिसऱ्यात लाल गुलाब. झुडूप दोन फुटांच्या वर कधी गेले नाही. एका देठावर पाच-सात फुलांचा घोस येई. फूल जुन्या रुपयाएवढे, रंग गडद लाल, वास जेमतेम. बाबा पहिल्या पाळीला गिरणीत गेले की आई एक फूल देवाला वाही आणि उरलेली झाडावरच ठेवी. तिला त्या झाडाचे कौतुक होते, पण थोडा संकोचही होता. दादरच्या फूलबाजारात लांब दांड्याचे एकेकटे टपोरे फूल मिळते, तो खरा गुलाब. हा आपला चाळीतला, असे ती म्हणे. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. गुलाबाचा इतिहास वाचायला लागले तेव्हा मात्र हे उलटे असल्याचे ध्यानात आले.

आधी नावांचा घोळ सोडवायला हवा. आमच्या गॅलरीत ‘चिनी गुलाब’ म्हणत ती सकाळी दहाच्या सुमारास उमलणारी, ‘ऑफिस टाईम’ या नावानेही ओळखली जाणारी मांसल पानांची वेल. तिचे शास्त्रीय नाव पोर्टुलाका, आणि ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. गणपतीला वाहायच्या तांबड्या जास्वंदीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे शब्दशः ‘चीनचा गुलाब’. पण तीही गुलाब नव्हे. खऱ्या चिनी गुलाबाचे रक्त होते ते तिसऱ्या डब्यात, आणि त्याला मात्र चिनी म्हणायचे कोणाला सुचले नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले बहुतेक गुलाब वर्षातून एकदा फुलत, आणि त्यांचा लाल रंग जांभळटपणाकडे झुके. १७९२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीशी संबंधित गिल्बर्ट स्लेटर यांच्या इंग्लंडमधल्या बागेत एक बुटका चिनी गुलाब फुलला. तो खराखुरा किरमिजी लाल होता आणि थंडी पडेपर्यंत फुलतच राहिला. चिनी गुलाबांची रोपे कलकत्त्यात विसावा घेत विलायतेला जात, त्यामुळे युरोपात त्यांना ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. वनस्पतिशास्त्राच्या पोथ्यांत तर ‘रोझा इंडिका’ हे नाव रूढ झाले. चीनच्या बागांत शतकानुशतके जोपासलेल्या झाडाला हिंदुस्थानचे नाव मिळाले ते केवळ वाटेतल्या मुक्कामामुळे.

या झाडाने पुढचा सगळा गुलाब बदलला. फ्रान्समध्ये लियाँच्या गियो यांनी १८७५ मध्ये ‘पाकरेत’ हा पहिला पॉलिअँथा गुलाब बाजारात आणला. जपानकडचा घोसाने फुलणारा रानगुलाब आणि बुटका चिनी गुलाब ही त्याची दोन घराणी. १९०३ मध्ये लव्हाव्हासर यांचा किरमिजी, गुडघाभर उंचीचा पॉलिअँथा आला आणि बागेतल्या वाफ्यांतून अशा गुलाबांच्या सलग रांगा लावण्याची चाल पडली. डेन्मार्कच्या पॉल्सन घराण्याने पॉलिअँथाचा संकर मोठ्या फुलांच्या गुलाबांशी केला. १९२४ मधला त्यांचा लाल ‘किर्स्टन पॉल्सन’ हा आज फ्लोरिबंडा म्हणतात त्या वर्गाचा पूर्वज. बुटके झाड, घोसाने येणारी लहान फुले, मंद वास, वर्षभर बहर ही सगळी पॉलिअँथाची लक्षणे, आणि आईच्या डब्यातले झाड नेमके तसेच होते. बाजारातला लांब दांड्याचा गुलाबही वर्षभर फुलतो, पण तो गुण त्याने याच घराण्याकडून घेतलेला आहे.

झाड बुटके का आणि सदा फुललेले का, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. गुलाबात फुलण्याला लगाम घालणारे एक जनुक असते. चिनी गुलाबात त्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसला आणि लगाम सुटला, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे नवा फुटवा वाढत न बसता लवकर कळीवर येतो. फांदीच्या शेंड्याला कळी आली की तिची उंची तिथेच थांबते. मग खालून दुसरा फुटवा निघतो, आणि त्यालाही कळीच येते. झाड वर जात नाही, भरत जाते.

मुंबईत या बुटकेपणाची किंमत वेगळीच आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते, आणि गुलाबाला मीठ सोसत नाही. पानांच्या कडा करपतात. उंच झाडाचा शेंडा कठड्याच्या वर जाऊन थेट वाऱ्यात सापडतो. बुटके झाड कठड्याच्या गजांमागे राहते, ऊन मिळवते आणि वारा चुकवते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा पानांवर काळे ठिपके पडतात. म्हणून आई जून लागला की डबे भिंतीकडे सरकवी, पिवळी पाने वेचून टाकी आणि पाऊस सरल्यावर, नवरात्राच्या सुमारास छाटणी करी. दिवाळीनंतर बहर येई. पाण्याचेही तसेच. गिरगावातल्या किती विहिरींचे पाणी मचूळ असे, हे जुने लोक सांगत. विहारचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, तानसाचे १८९२ मध्ये. गोडे पाणी नळाने आल्याखेरीज डब्यातला गुलाब या किनाऱ्यावर सोपा नव्हता. आमच्याकडे सामाईक नळाला पहाटे दोन तास पाणी असे. तांदूळ धुतलेले पाणी गुलाबाचे, हा घरातला नियम होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. उन्हाळ्यापर्यंत घरात पैसा उरला नाही, तेव्हा आई आम्हां भावंडांना घेऊन गावी गेली. बाबा कधी इथे, कधी तिथे. चाळीतली अर्धी बिऱ्हाडे अशीच पांगली होती. आम्ही परतलो तेव्हा तुळस आणि गुलाब दोन्ही वाळून गेले होते आणि डबा गंजून तळातून सुटला होता. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोलीतल्या काकू फुटलेल्या कपात लावलेली एक काडी घेऊन आल्या. “तुमचाच आहे हो वहिनी, दोन वर्षांपूर्वी तुम्हीच दिलेला,” त्या म्हणाल्या. बाबांची नोकरी परत आली नाही. गुलाब आला.

हे काडीवरचे येणे महत्त्वाचे आहे. रोपवाटिकेतला मोठा गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. वरचे झाड मेले तर खालून खुंटच फुटतो. काडीवर लावलेले बुटके गुलाब स्वतःच्या मुळांवर उभे राहतात, आणि पेन्सिलीएवढी काडी ओल्या मातीत खोचली की बहुतेकदा धरतात. त्यामुळे ते विकत घ्यावे लागत नाहीत, दारोदार दिले जातात.

बऱ्याच वर्षांनी मी डॉ. रूले यांची हकीकत वाचली. हे स्विस लष्करातले डॉक्टर. १९१७ च्या सुमारास मॉबोर्जे नावाच्या खेड्यात त्यांना घरांच्या खिडक्यांत, कुंड्यांतून वाढणारा वीतभर उंचीचा चिनी गुलाब दिसला. त्यांनी ते आपले वनस्पतिज्ञ मित्र हेन्री कोरव्हाँ यांना सांगितले. दोघे रोप आणायला निघेपर्यंत खेडे आगीत भस्म झाले होते, आणि तिथला गुलाबही. पण शेजारच्या ओनाँ गावात एका घरी तेच रोप सापडले. त्याच्या काड्यांवरून त्याचा प्रसार झाला, आणि त्याच्या वंशातून हॉलंडच्या यान द व्हिंक यांनी पॉलिअँथाशी संकर करून १९३६ मध्ये ‘टॉम थंब’ हा किरमिजी, पांढऱ्या मध्याचा छोटा गुलाब काढला. आजच्या अनेक छोट्या गुलाबांची वंशावळ त्या एका खिडकीपाशी जाऊन पोहोचते. कोणा राजाच्या उद्यानाने ते झाड राखले नव्हते. एका घराने शेजारधर्माने घेतलेल्या कुंडीने राखले.

आमची चाळ आता पुनर्विकासात जात आहे. खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा लागल्या आहेत. नव्या इमारतीत गॅलरी नाही, आणि वरच्या मजल्यांवर खारा वारा इथल्याहून जोराचा असणार. आई आता नाही. डब्याच्या जागी प्लास्टिकची कुंडी आहे, झाड तेच आहे. यंदा पाऊस उघडल्यावर छाटणी केली आणि नऊ काड्या लावल्या. सहा धरल्या. दोन गिरगावला बहिणीकडे गेल्या, एक दादरला, एक परळला, एक काकूंच्या नातसुनेकडे. सहावी माझ्याजवळ आहे. सगळ्या एकाच घरात ठेवायच्या नाहीत, हे मॉबोर्जेची हकीकत वाचण्याच्या कितीतरी आधी काकूंनी मला शिकवले होते.